संथ लयीतलं 'रेंज न्हाई'

खोलीच्या भिंतींवर अंड्यांचे एकशे ब्याण्णव ट्रे चिकटवलेले होते. समोरच्या भिंतीवर बहात्तर, दोन्ही बाजूंना चोपन्न-चोपन्न आणि दाराच्या वरच्या पट्टीत बारा. त्यातल्या सात ट्रेंचे कोपरे उंदरांनी कुरतडले होते. छताला दोन गोधड्या ताणून बांधल्या होत्या. मधोमध एक माइक, त्याच्या तोंडासमोर गोल जाळी, एक हेडफोन, एक लाकडी स्टूल, पाण्याची एक बाटली आणि एक पंखा. पंखा बंद होता, कारण त्याचा आवाज माइकात येतो.

चांगदेवतात्यांनी हे सगळं मोजून काढलं, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. "दोन मिनिटं थांबा तात्या, सिस्टिम हँग झालीय," असं काचेपलीकडून पप्पूने तिसऱ्यांदा सांगितलं होतं. तात्यांच्या पुतण्याची लोणीत पोल्ट्री आहे. एका ट्रेत तीस अंडी बसतात, म्हणजे या भिंतींवर पाच हजार सातशे साठ अंड्यांची जागा होती. आवाज अडवायला ती रिकामीच लागते, असं पप्पूचं म्हणणं.

नारायणगावात टोमॅटो मार्केटच्या मागे ही खोली होती. पूर्वी इथे क्रेट ठेवायचे. आता गोकुळने ती भाड्याने घेऊन स्टुडिओ केला होता. गोकुळच्या घरचा धंदा टोमॅटोचाच. पण गेली चार वर्षं त्याचा गाण्यांचा चॅनेल चालला होता आणि हळदीच्या रात्री डीजेवर वाजणारी निम्मी गाणी त्याच्याकडूनच निघत होती. पप्पू त्याचा रेकॉर्डिंगवाला. वय सव्वीस, बोलणं कमी, आणि सगळ्या जगाचे दोन भाग करणारा: 'सुरात' आणि 'बाहेर'.

तात्यांना इथे आणलं होतं त्यांच्या नातीच्या मोबाइलने. सहा महिन्यांपूर्वी अंगणात कांदे निवडताना तात्या एक गाणं गुणगुणत होते. गाणं त्यांचं नव्हतं. गावातल्या एका लग्नात रात्रभर वाजलेलं, छाती हादरवणारं, 'रेंज न्हाई गं' नावाचं. ते सकाळी तात्यांच्या तोंडात राहिलं होतं, पण चौपट सावकाश. नातीने, श्रेयाने, ते चुपचाप मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि नेटवर टाकलं. गोकुळने ते पाहिलं आणि लोणीला गाडी घेऊन आला. म्हणाला, "तात्या, आत्ताची आठ गाणी. सगळी गाजलेली. परवानगी मी काढतो. तुमी फक्त तुमच्या पद्धतीनं म्हणा."

तात्यांची पद्धत म्हणजे काय, हे पन्नाशीच्या पुढच्या माणसाला सांगावं लागत नाही. रजनीगंध ऑर्केस्ट्रात त्यांनी चौतीस वर्षं काढली. या भागात गळा फोडून गाणाऱ्यांची कधीच वाण नव्हती. तमाशाच्या फडातली माणसं बिनमाइकची अर्ध्या गावाला ऐकू जायची. तात्या उलटे. ते माइकला ओठ टेकवायचे आणि शेजारच्या माणसाला काहीतरी सांगावं तसं गायचे. यात्रेत मागे बसलेल्या बाया बोलायच्या थांबायच्या, कारण बोललं तर ऐकू येत नसे.

पण त्या चौतीस वर्षांतलं एकही गाणं कुठे शिल्लक नव्हतं. मालकाचा नियम होता, कार्यक्रमात टेप आणायचा नाही. कॅसेट निघाली की कार्यक्रमांच्या सुपाऱ्या घटतात. एकदा एका लग्नाच्या व्हिडिओत तात्या आले. मोठ्या हौसेने ते बघायला गेले, तर व्हिडिओवाल्याने वरून सिनेमाचं गाणं घातलेलं. पडद्यावर तात्या ओठ हलवत होते आणि आवाज भलत्याचाच येत होता. घरातली सगळी हसली. तात्याही हसले. आता वय सदुसष्ट. खालचे सूर अजून लागत होते, वरच्यांचं काही सांगता येत नव्हतं. पुढच्या वर्षी ते लागतील, यावर तात्या स्वतःही पैज लावायला तयार नव्हते.

"झालं तात्या, घ्या," पप्पू म्हणाला. "हेडफोन लावा. टिक टिक येईल, तिच्यावर गायचं."

तात्यांनी हेडफोन लावला. टिक टिक आली. ते गायले.

"आहुप्याच्या माळावं रेंज न्हाई गं,
तुझा निरोप आला का, दिसंना गं."

मूळ गाण्यात 'रेंज न्हाई' आठ वेळा होतं आणि मधे शिट्टी होती. तात्यांनी ते एकदाच ठेवलं होतं आणि शिट्टी काढली होती. गाणं पहिल्यांदा नीट ऐकलं तेव्हा ते गोकुळला म्हणाले होते, "आरं, हे तर वाट बघणाऱ्याचं गाणं हाये. डोंगरावं एकटाच उभा हाये पोरगा. लोक नाचत्यात कशाला?" गोकुळ म्हणाला होता, "शब्द कुणी ऐकतंय व्हय, तात्या."

"तात्या," आता पप्पूचा आवाज कानात आला, "शेवटचा शब्द खाताय तुमी. 'गं' येतच न्हाई."

"म्हणतोय की मी."

"म्हणताय, पण माइकात येत न्हाई. मान वळवताय तुमी. ओळ संपली की मान डावीकडं."

तात्यांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी पुन्हा म्हटलं. मान पुन्हा वळली. पप्पू आत आला, माइक वीतभर डावीकडे सरकवला आणि गेला. तात्यांनी म्हटलं. मान आणखी वीतभर वळली. पप्पू परत आला, माइक आणखी डावीकडे नेला, स्टूल फिरवलं. चौथ्या खेपेला तात्या भिंतीकडे तोंड करून बसले होते, नाकासमोर उंदराने कुरतडलेला ट्रे होता, आणि 'गं' म्हणताना ते दाराकडे बघत होते.

"मानेचं काही दुखणं हाये का?" पप्पूशेजारी बसलेल्या गोकुळने विचारलं.

"न्हाई बुवा."

मग पप्पूने फर्मान काढलं: हलायचंच नाही. तात्यांनी दोन्ही हातांनी स्टूलची कड धरली आणि मान ताठ ठेवून गाणं म्हटलं. 'गं' आला. सगळे 'गं' आले. पप्पूने ते ऐकवलं. तात्यांना ते आकाशवाणीवरच्या बाजारभावासारखं वाटलं. ओळीमागून ओळ येत होती, मधे कुठे श्वास नव्हता, आणि माळावर उभा असलेला पोरगा कुणाचीच वाट बघत नव्हता.

"सूर पण हलतोय," पप्पू म्हणाला. "थांबा, वढून घेतो." त्याने माउस फिरवला. पडद्यावरच्या वाकड्या रेघा एकेक करून सरळ झाल्या. एका गाण्यात अशा एकशे सहा जागा निघाल्या. मग त्याने पुन्हा ऐकवलं. आता सगळं सुरात होतं. आवाज कुणाचा, हे मात्र तात्यांना सांगता आलं नसतं.

गोकुळला मात्र जे वाटलं ते सांगता आलं. तो सरळ माणूस होता, आडपडदा ठेवत नसे. "तात्या, राग मानू नका. हे असं चालणार न्हाई. मंचरचा विराज हाये, तुमची ती क्लिप त्यानं पाठ केलीय, हुबेहूब म्हणतो. चारला येतोय तो. आवाज त्याचा घेऊ, व्हिडिओत तुमी. नाव तुमचंच. लोकांना काय, तुमचा चेहरा पायजे."

तात्या बाटलीतलं पाणी प्यायले. "म्हणजे मी ओठ हलवायचे."

"हां, तेवढंच. तरास न्हाई."

"केलंय मी ते एकदा," तात्या म्हणाले.

पप्पू मात्र अजून पडद्याकडे बघत होता. त्याला एक गोष्ट सुटत नव्हती, आणि सुटत नसलेली गोष्ट सोडून देणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने पहिला टेक परत लावला होता, मान वळणारा. प्रत्येक ओळीनंतर तात्या थांबत होते, आणि थांबणं दर वेळी साधारण तेवढंच होतं. तिथे काही नव्हतं. नुसती मोकळी जागा.

"तात्या," त्याने विचारलं, "डावीकडं काय हाये?"

"डावीकडं? डावीकडं दादाभाऊ असतो की."

हे तात्या इतक्या सहज बोलले की आपण काय बोललो ते त्यांना नंतर कळलं. मग त्यांनी सांगितलं. रजनीगंधचं स्टेज लावताना जनरेटर नेहमी डाव्या बाजूला, कनातीच्या मागे असायचा. त्याच्यापुढे दादाभाऊ अकॉर्डियन घेऊन बसायचा. गाणाऱ्यांकडे तोंड केलेले स्पीकर तेव्हा कुणाकडे नव्हते. होते ते सगळे लोकांच्या बाजूला. जनरेटरच्या धडधडीत दादाभाऊला तात्यांचा आवाज अजिबात ऐकू येत नसे. मग ठरलं की ओळ संपली की तात्यांनी मान वळवायची. मान वळली की दादाभाऊ सुरू. मान सरळ झाली की बंद. चौतीस वर्षं त्या माणसाने तात्यांचं गाणं ऐकून नाही, बघून वाजवलं होतं.

"मग हायेत का ते?" पप्पूने विचारलं.

"जाईल कुठं? ओझरला गणपतीच्या देवळापाशी हाराचं दुकान हाये त्याचं."

गोकुळने घड्याळ पाहिलं. दीड वाजला होता. ओझर काही लांब नव्हतं. "चतुर्थी परवाच झाली, आज गर्दी नसंल. बोलवा. पण चारला विराज आला की त्याचं काम सुरू. मला खोली रिकामी ठेवून परवडत न्हाई."

दादाभाऊ जावयाच्या मोटारसायकलवर मागे बसून आले. मांडीवर युरियाच्या गोणीत अकॉर्डियन होतं. गोणीला झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या होत्या. भात्याला दोन ठिकाणी सायकलच्या ट्यूबची ठिगळं चिकटवली होती. तात्यांना बघून ते म्हणाले, "काय रं, मेला न्हाईस अजून?"

"तुझ्या दुकानातला हार स्वस्त व्हायची वाट बघतोय."

"तुला घातला तर फुकट घालीन." त्यांनी भिंतींकडे पाहिलं. "हे काय, खुराड्यात गायला लागला व्हय?"

आता पप्पूची अडचण सुरू झाली. दोघांना वेगवेगळं घ्यायचं तर खोली एकच. आधी तात्या मग दादाभाऊ असं घ्यायचं तर मान कुणाकडे वळवणार? त्याने डोकं खाजवलं आणि सांगून टाकलं: "एकत्र बसवलं तर अकॉर्डियन तात्यांच्या माइकात घुसणार. मग मला सूर वढता येणार न्हाई. तात्यांचा वढला तर त्याच्यासंगं अकॉर्डियनचाबी वढला जातो, पार वाट लागंल. आणि शेठ, मग विराजचा आवाजबी बसवता येणार न्हाई. तात्यांचा काढूनच टाकता येणार न्हाई, अकॉर्डियनच्या मागं ऐकू येत राहणार."

"म्हणजे काय?" गोकुळने विचारलं.

"म्हणजे गातील तसंच राहणार. चुकलं तर चुकलेलं."

तात्यांनी हेडफोन काढून स्टूलवर ठेवला. "तसंच राहणार?"

"तसंच."

"मग घे," तात्या म्हणाले.

गोकुळ नको म्हणाला नाही. तोच होकार पप्पूने धरला आणि दुसरा माइक लावायला घेतला. दादाभाऊंना त्याने हेडफोन देऊ केला. त्यांनी तो कानाला लावून बघितला. "ही टिक टिक काय हाये? बाँब ठिवलाय का कुठं?" टिक टिक बंद झाली. स्टूल दादाभाऊंना मिळालं, तात्या उभे राहिले. ऑर्केस्ट्रात चौतीस वर्षं ते उभेच गायले होते, हे सकाळपासून कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं.

"गाणं कोणतं?" दादाभाऊंनी विचारलं.

"रेंज न्हाई."

"कशाची?"

"मोबाइलची रं. पोरगा आहुप्याच्या माळावं उभा हाये, पोरीच्या मेसेजची वाट बघतोय."

दादाभाऊंनी थोडा विचार केला. "मग खाली उतरावं की त्यानं, घोडेगावापर्यंत."

"उतरला तर गाणं कसं व्हईल?"

"ते बी खरं. पट्टी?"

"काळी दोन. पण आज जरा खाली घेऊ. पांढरी एक."

"खाली घे म्हाताऱ्या, घे खाली. माझाबी एक सूर बोलत न्हाई, वरच्या अंगाचा. तिकडं मला नेऊ नको."

पहिला टेक कामातून गेला, कारण मधेच दादाभाऊंना पोराच्या परिस्थितीचं हसू आलं. दुसऱ्यात मार्केटच्या बाजूने एका पिकअपने लांबलचक हॉर्न दिला. पप्पूने बाहेर जाऊन जावयाला रस्त्याच्या तोंडाशी उभं केलं. सव्वातीन वाजले होते.

तिसऱ्या टेकला तात्यांनी डोळे मिटले नाहीत. ते जाळीत ओठ नेऊन गायले, 'रेंज न्हाई गं', आणि मान डावीकडे वळली. तिथे दादाभाऊ होता, हनुवटी वर करून, डोळे तात्यांच्या कानाच्या पाळीवर ठेवून. अकॉर्डियन आलं. तात्यांची मान सरळ झाली, अकॉर्डियन थांबलं. काचेपलीकडे पप्पू पडद्यावरची रेघ बघत होता. 'गं' अजूनही माइकापासून लांब जात होता. आता फरक एवढाच होता की तो जिथे विरत होता तिथूनच अकॉर्डियन निघत होतं, आणि रेघ तुटत नव्हती.

दुसऱ्या कडव्यात वरचा सूर होता. तात्यांना तो येताना दिसत होता, रोजच्या रस्त्यावरचा खड्डा दिसावा तसा. 'दिसंना' वर त्यांनी तो घेतला आणि तो फाटला. मोठा नाही, पण फाटला. शब्द अर्धा राहिला. त्यांची मान आपोआप वळली, ओळ संपली नसताना. दादाभाऊंना गाणं पाठ नव्हतं, ओळ कुठे संपते हे माहीत नव्हतं. मान वळली एवढंच त्यांनी पाहिलं आणि भाता उघडला. वरचा सूर त्यांच्याकडेही नव्हता. त्यांनी खालचा धरला आणि धरून ठेवला. तात्या दोन श्वास तसेच थांबले. मग त्यांनी तोच शब्द, त्याच खालच्या सुरावरून, पुन्हा पहिल्यापासून म्हटला आणि पुढे गेले.

गाणं संपलं. दादाभाऊंनी भात्याचा पट्टा लावला. पप्पूने हात वर धरलेला होता. शेवटचा आवाज पूर्ण जाईपर्यंत तो हात खाली घेत नसे.

"फाटला," तात्या म्हणाले.

"व्हय," पप्पू म्हणाला. "अडतीस सेकंद राहिले असताना. दुरुस्त होणार न्हाई."

"परत घ्यायचं?"

पप्पूने गोकुळकडे पाहिलं. गोकुळ म्हणाला, "पेन ड्राइव्हवर टाक."

कुठलंही गाणं पास करायचं ते गाडीत, ही गोकुळची रीत. स्टुडिओचे स्पीकर खोटं बोलतात, असं तो म्हणायचा. लोक ऐकणार ते गाडीत, ट्रॅक्टरवर आणि मोबाइलवर. तो पेन ड्राइव्ह घेऊन बाहेर गेला. गाडी लिंबाच्या झाडाखाली उभी होती. त्याने दार लावलं, काचा वर केल्या.

"आता?" दादाभाऊंनी विचारलं.

"आता बघायचं," पप्पू म्हणाला. "आवडलं न्हाई की शेठ पहिल्या कडव्यातच उतरत्यात. काल एका पोराचं गाणं घेऊन गेले, मी चहा सांगंस्तोवर परत."

तिघे दारात उभे राहिले. काचा काळ्या होत्या, आतलं काही दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं. तात्यांनी पायातल्या चपलेने क्रेटचा एक तुकडा बाजूला सारला. दादाभाऊ अकॉर्डियन गोणीत घालू की नको या विचारात होते. त्यांनी ते निम्मं घातलं आणि तसंच ठेवलं.

"उतरला तर?" ते म्हणाले.

"तर ओझरला येतो तुझ्यासंगं. हार बांधतो."

"तुला गाठ मारता येत न्हाई."

जावई चहा घेऊन आला. चहा संपला. पप्पूचा फोन वाजला. त्याने तो कानाला लावला, ऐकलं, "बरं," म्हणाला आणि ठेवला.

"कोण?" तात्यांनी विचारलं.

"विराज. कळंबपर्यंत आला व्हता. शेठचा फोन आला म्हणं, येऊ नको म्हणून. काय झालं विचारत व्हता."

तात्यांनी मान हलवली. दादाभाऊंनी अकॉर्डियन गोणीतून परत बाहेर काढलं आणि पाकळ्या झटकल्या.

गाडीचं दार अजून बंदच होतं. पप्पू आत जाऊन फाइलला नाव देऊन आला. गाणं चार मिनिटं बावन्न सेकंदांचं भरलं होतं. गोकुळ गाडीतून उतरला तेव्हा त्याला आत बसून साडेएकोणीस मिनिटं झाली होती; तेवढ्यात ते गाणं चार वेळा पूर्ण वाजतं.